टोन द्या

देवरीहून नागपूरला फॅक्स करायचा तर आधी साधा फोन लावावा लागे. पलीकडे कुणी उचलला की म्हणायचं, "टोन द्या." तिकडे स्टार्ट दाबलं गेलं की कानात लांब शिट्टी वाजे, मग इकडचं स्टार्ट दाबून रिसीव्हर ठेवायचा. देवरीचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधी देवरीचं जिल्ह्याचं ठिकाण भंडारा. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय देवरीत, अपर आयुक्त नागपुरात, आयुक्त नाशकात. अशा गावाला सही-शिक्क्याचा कागद त्याच दिवशी पोचवणारं यंत्र फार मोलाचं. वकील, कंत्राटदार, वार्ताहर यांनी घरच्याच फोनला फॅक्स जोडला की बाहेरच्या खोलीचं ऑफिस होई. मशीनच्या मेनूतली फाइन, ईसीएम, रिंग, स्पीड ही सेटिंगं मात्र बहुधा आली तशीच राहत. त्यांची कुळी मोठी आहे, आणि ती कळली की कुठलं कधी बदलायचं हेही कळतं.

मूळ पुरुष अलेक्झांडर बेन, स्कॉटलंडचा घड्याळजी. त्याचं पेटंट २७ मे १८४३ चं, म्हणजे टेलिफोनच्या बऱ्याच आधीचं. तारेच्या दोन टोकांना दोन लंबक. इकडच्या लंबकाची सुई धातूच्या अक्षरांवरून फिरे. तिकडची सुई रसायनात भिजवलेल्या कागदावर, वीज येईल तिथे डाग उमटवी. दोन्ही लंबक एका तालात झुलले नाहीत तर अक्षराचा चिखल. घड्याळजीला हे सुचावं यात नवल नाही, कारण सगळा प्रश्न वेळ जुळवण्याचाच होता. पुढे बेकवेल नावाच्या संशोधकाने फिरते दंडगोल आणले. इटलीच्या जोव्हानी कासेली या पाद्र्याने पॅन्टेलिग्राफ बांधला आणि १८६५ मध्ये पॅरिस-लियों मार्गावर लोकांसाठी फॅक्सची सेवा सुरू झाली. तिचा मोठा वापर बँकांच्या कामात, सह्या पडताळण्यासाठी होता.

सहीचा हा मान आपल्याकडे सगळीकडे टिकला नाही. निवडणुकीत पक्षाचे ए आणि बी फॉर्म शाईच्या सहीचेच लागतात. फॅक्सने आलेला फॉर्म चालत नाही. आमगाव मतदारसंघातल्या देवरीच्या उमेदवारालाही मूळ कागद हातात घेऊनच यावं लागतं. मला हा नियम योग्य वाटतो.

कंपन्यांची यंत्रं वाढली तशी एकाचं दुसऱ्याला कळेना. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकं ठरली: १९६८ च्या गट १ मध्ये एका पानाला सहा मिनिटं, १९७६ च्या गट २ मध्ये तीन, आणि १९८० च्या गट ३ मध्ये मिनिटाच्या आत. घराघरांत आलेलं मशीन ते हेच. गट ३ आडव्या ओळीत १७२८ ठिपके वाचतो, म्हणजे मिलिमीटरला आठ. उभ्या दिशेला मात्र स्टँडर्ड सेटिंगवर मिलिमीटरला चारही ओळी भरत नाहीत, ३.८५ च. रोमन लिपीच्या टाइप केलेल्या पत्राला एवढं पुरतं. आपली लिपी शिरोरेषेच्या वर आणि खाली जगते. अनुस्वार, मात्रा, रफार, उकार हे सगळं उभ्या दिशेतलं काम, आणि नेमकी तिथेच स्टँडर्डने काटकसर केलेली. बॉलपेनची बारीक शिरोरेषा दोन ओळींच्या फटीत सापडली की तुटक उमटते. रफार गेला की 'अर्ज' चा 'अज' होतो. मात्रा गेली की 'मोरे' चे 'मारे'. सातबारावरच्या 'वर्ग २' चा रफार किंवा गट नंबरातला १ आणि ९ मधला फरक पुसला तर प्रकरण महिनाभर लांबतं. फाइनवर ओळी दुप्पट होतात, मिलिमीटरला ७.७. मराठी हस्तलिखिताला फाइनच लावावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अडचण पैशांची होती. फाइनला वेळ सुमारे दुप्पट, आणि एसटीडीचं मीटर पळत राहायचं. त्यावर तोडगाही मेनूतच होता: ठरलेल्या वेळी आपोआप पाठवणं. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पावपट होई, तेव्हा कागद संध्याकाळी लावून ठेवायचा आणि निजायचं.

घरच्या फोनचा आणखी एक पेच: एकाच लाइनवर मावशींचा फोनही येतो आणि तहसीलचा फॅक्सही. फॅक्स करणारं मशीन दर तीन सेकंदांच्या शांततेनंतर अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा सूर देतं. ऑटोवर ठेवलेलं आपलं मशीन फोन उचलून तोच सूर ऐकतं. ऐकू आला तर कागद घेतं, नाहीतर घरच्यांना बोलावतं. "टोन द्या" म्हणून मागायचा तो वेगळा, घेणाऱ्या मशीनचा २१०० हर्ट्झचा. रिंगची संख्या फार कमी ठेवली तर घरच्यांनी उचलण्याआधीच मशीन फोन घेतं; तीन-चार बऱ्या.

पुढची बोलणी माणसाला कळत नाहीत. पाठवणारं मशीन दीड सेकंद नुसती शून्यं पाठवून लाइन तपासतं. ती धड पोचली नाहीत तर वेग सेकंदाला ९६०० बिटांवरून ७२००, ४८००, शेवटी २४०० पर्यंत उतरतो. ईसीएम चालू असेल तर पान तुकड्यांत जातं आणि बिघडलेला तुकडाच पुन्हा मागवला जातो. जंगलातून आलेल्या खरखरत्या लाइनीला ही दोन्ही वरदान होती.

आता तांब्याच्या तारेच्या जागी फायबर आलं आहे. आवाज पाकिटांत चिरून जातो, पाकिटं मागेपुढे पोचतात. बोलण्यात ते जाणवत नाही, फॅक्सचा ताल मात्र तुटतो. मशीन अजून वापरात असेल तर मेनूत जाऊन वेग १४४०० वरून ९६०० वर आणावा, ईसीएम इथे मात्र बंद करून पाहावं, आणि तरी पान अर्ध्यात तुटलं तर वेग ४८०० करावा.