देणगी आणि मजुरी

श्रमाचा मोबदला हा हक्क आहे, कोणाची कृपा नव्हे, असे आम्ही कामगार चळवळीत आजवर सांगत आलो. सोळाव्या शतकात जर्मनीत याच्या नेमके उलट घडत होते. तेथे कृपेचीच किंमत वसूल होत होती! माइन्झच्या आर्चबिशपाने पदासाठी फुगर पेढीचे कर्ज काढले होते. त्याच्या मुलखात विकल्या जाणाऱ्या पापदंडाच्या माफीपत्रांचा निम्मा पैसा ते कर्ज फेडण्याकडे, निम्मा रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाकडे जाई.

१५१७ साली मार्टिन ल्यूथरने या व्यवहाराविरुद्ध ९५ कलमे मांडली. मठात उपासतापास करूनही त्याच्या मनाची धास्ती गेली नव्हती. पौलाच्या रोमकरांस पत्रात त्याला उत्तर सापडले : तारण ही मजुरी नव्हे, देणगी आहे. भरवसा आपल्या पुण्याईवर नव्हे, वचन देणाऱ्या देवावर ठेवावयाचा. गोरगरिबांच्या मनावरचे केवढे ओझे या विचाराने उतरले असेल!

परंतु १५२५ साली शेतकऱ्यांनी विचारले, ख्रिस्ताने सर्वांनाच मुक्त केले, तर आम्ही भूदास का? तेव्हा ल्यूथर सरदारांच्या बाजूस गेला. ही मुक्ती आत्म्याची आहे, असे त्याचे म्हणणे. आम्हांस ते पटत नाही. देवाघरची देणगी फुकट मिळते, म्हणून धन्याने माणसाचे श्रमही फुकट घ्यावेत, असे ठरत नाही.