सर्व्हर जिवंत आहे का? लोड बॅलन्सरची गोष्ट

आजचा भाग थोडा इतिहासाचा आणि थोडा माझ्या फजितीचा.

दोन वर्षांपूर्वी मी एका प्रवेश-अर्जांच्या साइटवर काम करत होते. अर्जाची शेवटची तारीख. गर्दी वाढली तसे कंटेनर आपोआप वाढत होते, डॅशबोर्ड सगळा हिरवागार. आणि पोरांच्या मोबाइलवर ५०२! पान कधी उघडायचं, कधी नाही. फोटो, सही सगळं अपलोड करून एका मुलीचा अर्ज शेवटच्या बटणावर अडकला होता. का, ते शेवटी सांगते. आधी जरा मागे जाऊ.

१९९४. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातलं एनसीएसए केंद्र, मोझॅक ब्राउझर बनवणारं. त्यांच्या वेबसाइटवर इतके लोक यायला लागले की एक मशीन पुरेना. मग त्यांनी एकाच नावामागे अनेक मशीन ठेवली. डीएनएस पाळीपाळीने वेगवेगळा आयपी द्यायचा. यालाच राउंड रॉबिन म्हणतात. पण डीएनएसला मशीन जिवंत आहे का, हे कळत नाही. शिवाय त्याची उत्तरं वाटेत साठवून ठेवली जातात. म्हणजे तिकीट खिडकी बंद झाली, तरी पाटी लोकांना तिथेच पाठवतेय.

मग आले खोके. सिएटलमध्ये १९९६ साली एफफाइव्ह कंपनी सुरू झाली, १९९७ मध्ये तिचा बिग-आयपी आला. हा खोका सर्व्हरांच्या पुढे उभा राहतो, जगाला एकच आयपी दाखवतो आणि थोड्या थोड्या वेळाने प्रत्येकाला विचारतो, "आहेस ना रे?" हाच हेल्थ चेक. उत्तर आलं नाही, की त्या सर्व्हरला रांगेतून बाहेर काढायचं.

खोके महाग, म्हणून तेच काम फुकटच्या सॉफ्टवेअरने करायला लोक पुढे आले. १९९८ मध्ये वेन्सोंग झांगचा लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर, २००१ मध्ये विली तारोचा एचएप्रॉक्सी, २००४ मध्ये इगोर सिसोएवचा एनजिनएक्स. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोड बॅलन्सर चक्क भाड्याने द्यायला सुरुवात केली.

तरी बऱ्याच ठिकाणी सर्व्हरांची यादी माणूसच हाताने लिहायचा. २०१३ मध्ये डॉकर आलं, २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटीस खुलं केलं, आणि ही यादी हाताने लिहिणं अशक्य झालं. इथे पॉड मरतो, त्याच्या जागी नवा येतो आणि त्याचा आयपीही नवा असतो.

यावर कुबरनेटीसचं उत्तर म्हणजे सर्व्हिस. पॉड बदलले तरी सर्व्हिसचा पत्ता तोच राहतो. तिचा प्रकार क्लस्टरआयपी असेल तर ती फक्त आत दिसते. नोडपोर्ट असेल तर प्रत्येक नोडवर ३०००० ते ३२७६७ मधला एक पोर्ट उघडतो. आणि लोडबॅलन्सर लिहिलं, की क्लाउडकडे बाहेरचा आयपी मागितला जातो. स्वतःच्या लॅपटॉपवर तो 'पेंडिंग'च का दिसतो? कारण मागायला समोर कोणी क्लाउडच नसतो. प्रत्येक सर्व्हिसला वेगळा लोड बॅलन्सर घेतला तर बिल फुगतं, म्हणून इन्ग्रेस: दार एकच, आत गेल्यावर नाव आणि पाथ बघून वाटणी.

आता माझी फजिती. आमचं अ‍ॅप सुरू व्हायला जवळपास एक मिनिट घ्यायचं. मी रेडिनेस प्रोब लिहिलाच नव्हता. तो नसेल, तर कंटेनर चालू झाला की कुबरनेटीस पॉडला तयार समजतं आणि लगेच लोक पाठवतं. म्हणजे गर्दी वाढली की नवा पॉड, आणि नवा पॉड आला की नवे ५०२. मदतीला आलेलाच अडचण करत होता.

दुरुस्ती सहा-सात ओळींची होती. त्या मुलीचा अर्ज रात्री उशिरा गेला, पण तोवर तिने किती वेळा ते बटण दाबलं असेल, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

एनसीएसएकडे विचारायची सोयच नव्हती. माझ्याकडे होती, आणि मी विचारलं नाही. तुमचं अ‍ॅप जगासमोर ठेवण्याआधी एवढं बघा: "तयार आहेस का?" हा प्रश्न त्याला कोण विचारतंय?

भेटू पुढच्या भागात!