शकुंतला, कारखाना आणि ड्रायव्हर

यवतमाळच्या रुईच्या गाठी शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला पोचत. तिथे रूळच बदलायचे: इकडे ७६२ मिलिमीटर, तिकडे १६७६. माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. कारखान्याच्या संगणकातलं नेटवर्क कार्ड हीच हमाली करतं, मालाऐवजी संदेशांची. ड्रायव्हर हा त्याचा मुकादम.

यंत्रांच्या संभाषणासाठी १९७९ साली मॉडबस आलं. त्यात कार्ड गप्प झालं, तर आधी वायर पाहायची, मग वेग, पॅरिटी आणि यंत्राचा पत्ता, १ ते २४७ यांतला. एकच पत्ता दोघांना दिला की गोंधळ! हे सगळं जुळूनही बोलत नसेल, तर ड्रायव्हर पाहायचा. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही.

शकुंतलेचं १९२१ सालचं, मँचेस्टरचं इंजिन १९९४पर्यंत धावलं. लोखंडाचा भाग झिजला तर कारागीर नवा घडवतो. ड्रायव्हर मात्र बनवणाऱ्यानेच सोडून दिला, तर शाबूत कार्डही निकामी. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला. तरी जुन्या कार्डापायी ती जपावी लागते. मग वस्तूचा मालक कोण, विकत घेणारा की ड्रायव्हर लिहिणारा? उत्तर मिळेपर्यंत ड्रायव्हरची प्रत जपा, सेटिंग वहीत लिहून ठेवा. यंत्र थांबलं की मजुराचा दिवस बुडतो.