पॉइनसेट काउंटीतील शेती अनुदान

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात ईशान्येला असलेली पॉइनसेट ही शेतीवर जगणारी काउंटी. मुख्य ठाणे हॅरिसबर्ग. क्राउलीज रिज ही डोंगरधार तिच्यातून उत्तर-दक्षिण जाते. पूर्वेकडे टायरोंझा, मार्क्ड ट्री ही एकेकाळची निव्वळ कापसाची गावे, पश्चिमेकडे भातशेती. सरकारी मदत जमीनमालकाची की कसणाऱ्याची, हा वाद १९३४ मध्ये इथून देशभर गाजला.

मंदीत कापसाचा भाव पौंडाला पाच-सहा सेंटांपर्यंत घसरला. मे १९३३ च्या शेती समायोजन कायद्याने पेरा घटवणाऱ्याला भरपाई देऊ केली. पण त्या साली कापूस पेरून झाला होता. मग देशात सुमारे १ कोटी एकरांवरचे उभे पीक नांगरून टाकले. रोपावर पाय द्यायचा नाही, अशी शिकवण मिळालेली खेचरे कापसाच्या ओळीत शिरायला तयार होईनात.

१९३४-३५ च्या करारात भरपाईचे दोन भाग होते. पडीक ठेवलेल्या जमिनीचे भाडे पौंडाला साडेतीन सेंट. अर्धेलीच्या शेतीत ते सगळे मालकाचे. वर एक सेंट पिकाच्या वाट्याप्रमाणे, त्यातला अर्धा वाटेकऱ्याचा. म्हणजे साडेचार सेंटांत ज्याने घाम गाळला त्याला अर्धा सेंट, आणि तोही मालकाच्या हातून. मळ्याच्या दुकानातून वर्षभर उधारीवर नेलेल्या पिठामिठाच्या खात्यात तो बहुधा वळता होई. दाद मागायची ती स्थानिक समितीकडे, आणि समितीवर वजन मळेवाल्यांचेच. पेरा कमी झाल्याने माणसेही कमी लागू लागली, कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर काढली गेली. हा अन्याय चुकून झालेला नव्हता, तो कराराच्या कलमांतच होता.

जुलै १९३४ मध्ये टायरोंझाजवळ ११ गोरे आणि ७ काळे एकत्र बसले आणि दक्षिणी कूळ-शेतकरी संघ स्थापन झाला. संघाच्या संस्थापकांपैकी एच. एल. मिचेल कपडे धुण्याचे दुकान चालवत, क्ले ईस्ट पेट्रोल पंप; दोघेही समाजवादी. काळ्यांची वेगळी शाखा काढावी का, यावर चर्चा झाली आणि संघ एकच ठेवायचे ठरले. १९१९ मध्ये याच राज्यात एलेन गावाजवळ संघटना बांधणाऱ्या काळ्या शेतकऱ्यांची कत्तल झाली होती, हे ध्यानात घेतले की त्या निर्णयाला लागलेली छाती कळते. तिकडे, जुनी कुळे त्याच जमिनीवर राहिली पाहिजेत, असा भरपाईच्या कराराचा अर्थ वॉशिंग्टनमधल्या कृषी खात्याच्या वकिलांनी लावला. फेब्रुवारी १९३५ मध्ये जेरोम फ्रँक यांच्यासह त्यांच्यातल्या अनेकांना काढून टाकण्यात आले.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९३३ च्या कायद्याची मूळ योजना रद्द ठरवली. पुढच्या योजनांत वाटेकऱ्याचे पैसे थेट त्याच्या नावाने देण्याची तरतूद आली, तेव्हा मालकांना वाटेकऱ्याऐवजी रोजंदारीचा मजूर परवडू लागला. अनुदानाच्या पैशातून ट्रॅक्टर आले.

आजची मदत काउंटीतल्या शेतसेवा कार्यालयामार्फत मिळते. २०१४ च्या कायद्यापासून भाव किंवा उत्पन्न घटल्याची भरपाई जमिनीच्या जुन्या नोंदलेल्या ‘बेस एकरां’वर मोजतात, चालू पेऱ्यावर नव्हे. बटाईच्या जमिनीत ती दोघांत वाटली जाते. रोख खंडाने घेतलेल्या जमिनीत ती कसणाऱ्याच्या नावावर येते, पण खंड ठरवताना मालक ती हिशोबात धरू शकतो. दुसऱ्याच्या शेतात कापणीयंत्र चालवणाऱ्या मजुराचा मात्र या भरपाईत वाटा नाही.