एकच लेन्स न्यायची, तर कुठली?

गेल्या भागानंतर इंदूर, बडोदा आणि हैदराबाद अशा तीन ठिकाणांहून जवळजवळ एकच प्रश्न आला. लांबच्या प्रवासाला निघालोय, पाठ साथ देत नाही, कॅमेऱ्याबरोबर एकच हलकी लेन्स न्यायची तर कुठली नेऊ? मी काही फोटोग्राफीतला जाणकार नाही. पण पाठीवर वजन घेऊन डोंगर चढण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे प्रश्नाची कळ मला समजते. शिवाय छोटा कॅमेरा जन्मला तोच या दुखण्यातून, म्हणून उत्तर इतिहासात शोधू.

जर्मनीतल्या वेट्झलार गावात लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. तिथे १९११ साली ऑस्कर बर्नाक नावाचा कारागीर कामाला लागला. त्याला डोंगरात फिरून फोटो काढायची हौस, आणि दम्याचा विकार. त्या काळी कॅमेरा म्हणजे लाकडी खोका, काचेच्या पट्ट्या आणि तिपाई. चढावर धाप लागायची, सामान ओढवायचं नाही. मग त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी वापरून हातात मावेल असा कॅमेरा १९१३-१४ च्या सुमारास बनवला. त्यावरचं चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचं. आजही ‘फुल फ्रेम’ म्हणतात ते हेच माप. एका दमेकऱ्याने ठरवलेलं!

हा कॅमेरा १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत ‘लायका’ या नावाने लोकांपुढे आला. मॅक्स बेरेक यांनी त्यासाठी ५० मिलिमीटरची लेन्स आखली होती. काम झालं की ती कॅमेऱ्याच्या पोटात ढकलून ठेवता यायची. हा आकडा आकाशातून पडला नव्हता. त्या चित्राचा कर्ण भरतो सुमारे ४३ मिलिमीटर. लेन्सचा आकडा कर्णाच्या आसपास असला, की दृश्य ओढून जवळ आणल्यासारखंही दिसत नाही आणि मागे ढकलल्यासारखंही नाही. लेन्स कॅमेऱ्याला कायमची बसवलेली असल्यामुळे ‘कुठली नेऊ’ हा प्रश्नच नव्हता. १९३० मध्ये लायकाची लेन्स काढून दुसरी लावायची सोय झाली, आणि आपल्या डोक्याचा ताप तिथून सुरू झाला.

सोय आल्यावरही काही जण ५० वरच राहिले. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे त्यातलं मोठं नाव. महायुद्धात हा फ्रेंच फौजेत होता. १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडण्याआधी त्याने आपला लायका व्होज प्रांतातल्या एका शेतात पुरून ठेवला. कैदेतून पळायचे दोन प्रयत्न फसले, १९४३ मध्ये तिसरा साधला. मग त्याने तो कॅमेरा उकरून काढला. (सैनिक असा वस्तू पुरतो, तेव्हा ती त्याला किती मोलाची आहे हे निराळं सांगावं लागत नाही.) हाच माणूस ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींना भेटला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्या रात्री बिर्ला भवनाच्या फाटकाशी नेहरू लोकांना ती बातमी सांगताहेत, हा अंधुक उजेडातला फोटो त्याचाच.

आणि २९ मे १९५३. एडमंड हिलरीकडे कोडॅक रेटिना होता, घडी होणारा, तोही दुसऱ्याने वापरून विकलेला. लेन्स एकच, बदलता न येणारी. थंडीने गोठू नये म्हणून त्याने तो सदऱ्याच्या आत, अंगाशी धरून नेला. एव्हरेस्टच्या माथ्यावर दोघे जेमतेम पाव तास होते, प्राणवायू मोजून घ्यावा लागत होता. तेवढ्यात बर्फाची कुऱ्हाड उंचावलेल्या तेनझिंगचा फोटो निघाला, कुऱ्हाडीला चार झेंडे, त्यात आपलाही एक. खालच्या धारांचे फोटोही निघाले, कारण वर पोहोचल्याचा पुरावा लागणार होता. तिथे लेन्सची निवड करत बसायची मुभा कोणाला होती?

मला तेवढं शहाणपण नव्हतं. तरुणपणी एका उंच चौकीवर मी हौसेने तीन लेन्स नेल्या होत्या. माझा एक जवान सुट्टीवर निघाला होता. हेलिकॉप्टरकडे जाताना तो वळून म्हणाला, “साब, एक फोटो.” मी हातमोजे काढून लेन्स बदलायला घेतली. पात्यांच्या वाऱ्याने बर्फ उडत होता, बोटं बधिर झालेली. लेन्स बसली तेव्हा हेलिकॉप्टर दरीवर पोहोचलं होतं. माझ्याकडे त्या हेलिकॉप्टरचा उत्तम फोटो आहे.

आता तुमचं उत्तर. बहुतेक जण तुम्हाला ३५ सांगतील, आणि मठाच्या अंधाऱ्या खोलीत मागे सरकायला जागा नसते तेव्हा ते खरंही आहे. पण तुमच्या खिशातल्या फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ इतका रुंद बघतो. म्हणजे रुंद लेन्स तुम्ही आधीच उचललेली आहे. म्हणून मी ५० च घ्या म्हणेन, कमाल छिद्र एफ १.८ वाली. कॅननची असली लेन्स १६० ग्रॅमची आहे, आणि त्यांचीच २४ ते ७० ची एफ २.८ झूम ८०५ ग्रॅमची. छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल, तर हाच नजारा ३५ च्या लेन्सने मिळतो. पक्षी टिपायचे असतील तर मात्र हे सगळं विसरा, तिथे वजन उचलावंच लागतं.

विकत घेण्याआधी एक करा. घरातली झूम लेन्स ५० वर आणा, तिच्या कड्यावर चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर बाजारात, देवळात, नातवंडांमागे तशीच फिरवा. दोन पावलं पुढे-मागे व्हायची सवय पायांना लागली, की मग दुकानात जा.