एका माणसाचे दोन बाप कसे?

मागच्या महिन्यात आमच्या गटातली एक मावशी पिशवीत दोन कागद घेऊन आली. शाळेच्या दाखल्यावर तिच्या वडिलांच्या बापाचं नाव एक, जमिनीच्या फेरफारात दुसरंच. भावकी म्हणते, तुझा बाप आमच्या घरातला नव्हताच, मग तुला कसला वाटा? मावशी रडकुंडीला आलेली. त्या दिवशी आम्हांला आठवली ती साताऱ्याच्या रामराजांची गोष्ट.

हंबीरराव मोहित्यांची लेक महाराणी ताराबाई आपल्याला ठाऊक आहेत. 1700 साली राजाराम महाराज गेले आणि औरंगजेबाशी झुंज त्यांनी पुढे चालवली. पण 1714 साली कोल्हापूरच्या गादीवर सवतीचा मुलगा संभाजी बसला, आणि ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी कैदेत पडले. हा शिवाजी पुढे कैदेतच वारला.

इकडे साताऱ्याला छत्रपती शाहूंना मुलगा नव्हता. गादीवर कोण, हा घोर लागलेला. तेव्हा ताराबाईंनी सांगितलं, माझ्या शिवाजीला मुलगा आहे, जिवाच्या भीतीनं त्याला जन्मताच लपवून वाढवलाय. शाहूंच्या राणी सकवारबाईंना हे मान्य नव्हतं. तरी 15 डिसेंबर 1749 ला शाहू वारले आणि पुढच्याच महिन्यात रामराजे गादीवर आले. ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलंय, की ताराबाईंनी जातभाईंसमोर त्यांच्याबरोबर जेवून, त्या अन्नाची शपथ घेऊन सांगितलं, हा माझा नातू.

वर्ष सरलं नाही तोच चित्र पालटलं. पेशव्याला काढून टाका, असं ताराबाईंनी नातवाला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. नोव्हेंबर 1750 मध्ये त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं, आणि म्हणू लागल्या, हा माझा नातू नव्हेच, हा गोंधळ्याचा पोर. (आपल्या लग्नाचा गोंधळ ज्यांच्याशिवाय होत नाही, त्यांचं नाव असं हिणवायला वापरलं, हे आम्हांला आजही खटकतं.) 14 सप्टेंबर 1752 ला जेजुरीत खंडोबाच्या देवळात पेशव्यांशी समेट झाला, तिथंही त्यांनी शपथेवर तेच सांगितलं.

म्हणजे तोंड एकच. एकदा अन्नाची शपथ, एकदा देवाची. खरी कोणती?

आम्ही यावर बरंच भांडलो. एकीचं म्हणणं, देवळातली शपथ मोठी. पण नुसत्या शपथेवरून ठरवता येत नाही. पहिल्यांदा बोलल्या तेव्हा नातू गादीवर बसवायचा होता. दुसऱ्यांदा बोलल्या तेव्हा तो हाताबाहेर गेला होता. दोन्ही वेळी बोलण्यात गरज होती. पेशव्यांनी रामराजांना छत्रपती म्हणून ठेवलं, ते तरी कुठं निव्वळ खऱ्याच्या प्रेमानं? दुबळा छत्रपती त्यांच्या सोयीचाच होता. रागाच्या भरात सुरू झालेल्या दुसऱ्या बोलण्याला आम्ही जरा कमी तोलतो, इतकंच. जन्मावेळचा, कुणाच्या फायद्याचा नसलेला कागद हवा होता. पण लपवलेल्या बाळाचा कागद करणार कोण?

मावशीच्या बाबतीत तसं नव्हतं. कागद होते, फक्त ते वयानुसार लावायचे होते. आम्ही तहसीलच्या रेकॉर्ड खोलीत अर्ज केला, कोतवाल बुकातली जन्माची नोंद काढली. ती वाचायला एका निवृत्त तलाठीभाऊंना बसवलं, कारण अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तिथं बापाचं नाव दाखल्यातलंच निघालं. भावकीला आनंद झाला, मावशीचा चेहरा उतरला. मग आम्ही फेरफाराची तारीख पाहिली. तो दाखल्यानंतर नऊ वर्षांचा होता. मधल्या नऊ वर्षांत काय झालं?

गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीला विचारलं. ती सहज म्हणाली, “अगं, त्याला चुलत्यानं दत्तक घेतला ना! पेढे मी खाल्लेत.” तिला ना जमीन मिळायची होती, ना वाटा. तरी नुसत्या आठवणीवर कोण ऐकणार, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात जुनी सूची शोधली. तिसऱ्या खेपेला दत्तकपत्राची नोंद सापडली, दाखल्यानंतरची आणि फेरफाराच्या आधीची. जन्माचा बाप दाखल्यात, दत्तक बाप फेरफारात. खोटा कागद एकही नव्हता.

नोंदीवर भावकीची हरकत आहे, त्यामुळे मंडल अधिकाऱ्यांपुढे सुनावणी मंगळवारी आहे. दत्तकपत्राची सही-शिक्क्याची नक्कल मावशीनं साडीच्या घडीत ठेवलीय. आम्ही चौघी सकाळच्या एसटीनं तिच्यासोबत निघतोय.