आजोबांनी गाळलेली पाने

१९८८ च्या डिसेंबरात आमच्या आठ वर्षांच्या मुलाला कांजिण्या आल्या. बाहेर ओहायोचा बर्फ आणि घरात "खाजवू नकोस" हा दिवसभराचा जप. कोपऱ्यावरच्या व्हिडिओच्या दुकानातून मी एक कॅसेट भाड्याने आणली. दुकानदार म्हणाला, तलवारी आहेत, एक धिप्पाड पैलवान आहे, मुलाला आवडेल. मी शेजारी बसून विद्यार्थ्यांचे पेपर तपासणार होतो. पहिल्याच दृश्यात एक आजारी मुलगा अंथरुणात बसून बेसबॉलचा व्हिडिओ गेम खेळत होता, आणि त्याचे आजोबा हातात पुस्तक घेऊन खोलीत आले. पेपर तसेच राहिले.

तुमच्यापैकी जे इथेच लहानाचे मोठे झाले त्यांना 'द प्रिन्सेस ब्राइड'ची ओळख करून द्यायला नको; त्यांना त्यातले संवाद पाठ असतात. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. वेस्टली हा शेतावरचा गडी आणि बटरकप ही त्याची मालकीण. दोघांचे प्रेम जुळते, मग ताटातूट होते. राजपुत्र तिच्याशी लग्न ठरवतो आणि तिघे जण तिला पळवतात. त्या तिघांतला इनिगो हा स्पॅनिश तलवारबहाद्दर आपल्या वडिलांना मारणाऱ्या सहा बोटांच्या माणसाला वीस वर्षे शोधतो आहे. हे सगळे आजोबा नातवाला वाचून दाखवतात. चुंबन आले की नातू नाक मुरडतो, नायिका संकटात सापडली की आजोबा वाचन थांबवून त्याला धीर देतात.

चित्रपट १९८७ च्या शरद ऋतूत लागला तेव्हा फारसा गाजला नाही. सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर खर्च आणि अमेरिकेत ३ कोटींच्या आसपास गल्ला, म्हणजे पडला नाही इतकेच. प्रणयकथा, साहसकथा की विनोद, हे जाहिरातीत कसे सांगावे हाच प्रश्न होता. त्याला खरे प्रेक्षक मिळाले ते आमच्यासारख्यांच्या घरात, व्हिडिओ कॅसेटमुळे. २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश केला.

मला मात्र आज तुमच्याशी बोलायचे आहे ते चित्रपटामागच्या पुस्तकाबद्दल. ते मी बऱ्याच वर्षांनी वाचले आणि चकित झालो. विल्यम गोल्डमन यांची ही कादंबरी १९७३ ची. पटकथाकार म्हणून ते तेव्हाच नावाजलेले होते. कादंबरीत ते असा बहाणा करतात की पुस्तक आपले नाहीच. मॉर्गनस्टर्न नावाच्या जुन्या लेखकाचा हा ग्रंथ आहे आणि आपण त्यातले फक्त चांगले भाग निवडले आहेत. आणि हा ग्रंथ आपल्याला भेटला कसा? दहाव्या वर्षी न्यूमोनिया झाला असताना वडिलांनी वाचून दाखवला म्हणून. हे वडील फ्लोरिन देशातून अमेरिकेत आलेले न्हावी. इंग्रजी यथातथाच. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते मुलाला आपल्या देशातली गोष्ट वाचून दाखवतात.

मोठेपणी निवेदक आपल्या मुलाच्या वाढदिवसाला ते पुस्तक खटपट करून मिळवतो. मुलाला ते पहिल्या प्रकरणापलीकडे वाचवत नाही. तेव्हा निवेदक स्वतः उघडून पाहतो, तर पानेच्या पाने राजघराण्याच्या वंशावळी, चालीरीती आणि सामानाच्या बांधाबांधीवर! वडिलांनी हे सगळे गुपचूप गाळले होते आणि मुलाला रस वाटेल तेवढेच वाचले होते.

यातले काहीही खरे नाही. मॉर्गनस्टर्न नव्हता, फ्लोरिन नव्हता. गोल्डमन यांना मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. फ्लोरिन आणि त्याचा शत्रू गिल्डर ही दोन्ही जुन्या युरोपीय नाण्यांची नावे आहेत. आपल्याकडे कोणी 'होन' आणि 'मोहर' अशा दोन राज्यांचे युद्ध रंगवले तर आपण लगेच हसू. तरीही अनेक वाचक फसले आणि मूळ ग्रंथाची चौकशी करत राहिले. इतिहासाचा मास्तर म्हणून मला त्यांचे हसू येत नाही. बनावट बखरींना माझ्याहून मोठे विद्वान फसले आहेत.

पुढे चित्रपट करायचे ठरले, पण स्टुडिओत गाडे अडले. गोल्डमन यांनी स्वतःच्या खिशातून हक्क परत विकत घेतले. अखेर ते काम रॉब रायनर यांच्याकडे आले. रायनर यांना हे पुस्तक तरुणपणी त्यांच्या वडिलांनी, कार्ल रायनर यांनी, दिले होते. इनिगो झालेल्या मँडी पॅटिंकिन यांचे वडील कर्करोगाने गेले होते. शेवटच्या द्वंद्वात आपण मनात त्या रोगालाच मारत होतो, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे.

चित्रपटात परदेशातून आलेला तो न्हावी मात्र नाही. त्याच्या जागी पीटर फॉक यांचे आजोबा आहेत. लाघवी, मिश्किल, पण अमेरिकन. दीड तासाच्या चित्रपटात तेवढी जागा नसेल, हे मान्य. गंमत अशी की न्हावी गेला तरी त्याची कात्री राहिली. कादंबरीतल्या मॉर्गनस्टर्नचा शेवट सुखाचा नाही. चौघे पळून जाताना इनिगोची जखम पुन्हा उघडते, घोड्याचा नाल निघतो, मागे पाठलाग ऐकू येतो आणि पुस्तक तिथेच थांबते. वडिलांनी हे मुलाला वाचूनच दाखवले नव्हते. ते आनंदाने सुटले असे सांगून त्यांनी पुस्तक मिटले होते. चित्रपटाने वडिलांचाच शेवट उचलला. पांढऱ्या घोड्यांवरून सगळे सुखरूप जातात. म्हणजे आपण पडद्यावर बघतो ती त्या परदेशी बापाने पोरासाठी काटछाट केलेली आवृत्ती, फक्त बापाचे नाव काढून टाकलेली.

हे वाचले तेव्हा मला आमच्या घरातला एक फोन आठवला. मुले लहान असताना रात्री मी त्यांना शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगत असे. अफझलखान, शाहिस्तेखानाची बोटे, आग्र्याहून सुटका. १९९६ साली मुलगी कॉलेजात होती. दक्षिण आशियाच्या इतिहासाचा एक कोर्स घेतला होता तिने. तिचा फोन आला, इंग्रजीतच. १६६५ चा पुरंदरचा तह तिने वाचला होता. २३ किल्ले आणि वर्षाला ४ लाख होनांचा मुलूख मिर्झाराजे जयसिंगांमार्फत मोगलांना दिला, स्वराज्यात उरले १२ किल्ले. शेवटी ती मराठीत म्हणाली, "बाबा, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलंच नाही." मी म्हटले, तुम्ही लहान होतात. ती म्हणाली, "पण तुम्ही तर हेच शिकवता ना?"

खरे होते. वर्गात मी पुरंदरवर दोन-दोन तास बोलत असे. तह हा राजनीतीचा भाग कसा, पुढे आग्रा का घडले, हे त्याशिवाय समजत नाही असे विद्यार्थ्यांना बजावत असे. घरी मात्र अफझलखानानंतर शाहिस्तेखान आणि लगेच आग्रा. महाराज आग्र्याला गेलेच का, हे मुलांनी कधी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. परक्या देशात वाढणाऱ्या पोरांना आपल्या बाजूची हार कशाला, असे काहीसे मनात असावे. फक्त कंटाळवाणे तेवढेच गाळले, असे मी म्हणू शकत नाही.

त्या कांजिण्यावाल्या मुलाचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला. चुंबनाला त्यानेही नाक मुरडले. त्याच रात्री मी त्याला पुरंदर सांगितला, दिलेरखानाचा वेढा आणि मुरारबाजी यांच्यासकट, तहापर्यंत. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तेवीसच्या तेवीस दिले? नावं सांग ना आजोबा."

मला चौदाच आठवली.